नऊ गुण, चाळीस दिवस: तरुण संघासाठी उपवासकाळाचा हा आराखडा चालेल का?

मोहननगर_तरुणसंघ

सलाम सगळ्यांना.

पुढच्या उपवासकाळासाठी नागपूरच्या आमच्या तरुण संघाचा कार्यक्रम आतापासूनच बसवायला घेतला आहे. २०२७ मध्ये राख बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आहे आणि पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, २८ मार्चला. मधले सहा रविवार वगळले की बरोबर ४० दिवस उरतात.

आराखडा असा: बायबलमधल्या गलतीकरांस पत्र ५:२२-२३ मधले नऊ गुण घ्यायचे. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. प्रत्येकाला चार दिवस, म्हणजे ३६ झाले. उरलेले चार दिवस उजळणीला. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर वचन जाईल आणि रात्री प्रत्येकाने "आज जमलं" किंवा "नाही जमलं" एवढंच लिहायचं. संघात २२ जण आहेत, वय १८ ते ३०. बहुतेक सीएनआय (उत्तर भारताची मंडळी) आणि मेथडिस्ट, तीन-चार कॅथलिक मित्रही येतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही विभागणी बरोबर आहे का? आध्यात्मिक प्रौढता वाढते आहे की नाही हे ओळखायचं कशावरून? आणि असे कार्यक्रम सुरू झाले की दुसऱ्या आठवड्यात सगळे गप्प का होतात?

---

बायबलवर्ग_सदर

भाऊ, तळमळ चांगली आहे, पण विभागणी बदला. ज्या वचनावर ती उभी आहे तेच वचन तिला आधार देत नाही.

या नऊ गुणांना पत्र लिहिणारा प्रेषित पौल आत्म्याचं फळ म्हणतो. त्याने तिथे "फळे" लिहिलेलं नाही, "फळ" लिहिलं आहे. मूळ ग्रीकमध्ये शब्द एकवचनी आहे. त्याच्या थोडं आधी देहाची "कर्मे" आहेत, तो शब्द मात्र अनेकवचनी. कर्मं सुटी सुटी मोजता येतात, फळ एकच आहे आणि त्याच्या नऊ बाजू दाखवल्या आहेत. सोमवार ते गुरुवार ममता करून शुक्रवारी चांगुलपणाकडे वळलो तर ममता कुठे ठेवायची? ही काही शाळेतल्या विषयांची यादी नाही.

दुसरं, हे वचन कोणत्या प्रसंगात लिहिलं ते पाहा. त्याच अध्यायाच्या १५ व्या वचनात पौल म्हणतो की तुम्ही एकमेकांना चावता नि खाता. म्हणजे मंडळीत (तिथल्या चर्चमध्ये) भांडणं चालू होती, आणि त्या भांडणांवरचा उपाय म्हणून हे फळ आलं आहे. नऊपैकी बहुतेक गुण एकट्याने खोलीत बसून तपासताच येत नाहीत. सहनशील कोणाशी? सौम्य कोणाशी? म्हणून आधी माणूस ठरवावा, मग गुण आपोआप ठरतो.

क्रम दाखवणारं वचनच हवं असेल तर पेत्राचं दुसरं पत्र, अध्याय १, वचनं ५ ते ७ घ्या. तिथे विश्वासात सात्त्विकता, सात्त्विकतेत ज्ञान, पुढे इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम आणि शेवटी प्रीती अशी एकात एक भर घालायला सांगितली आहे. "भर घाला" यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे त्याचं मूळ नाटकाच्या गायकवृंदाचा सगळा खर्च उचलणाऱ्या श्रीमंत नागरिकाशी जोडलेलं आहे. तिथे हात आखडता घेऊन चालत नसे. शिडीसारखी खालची पायरी सोडून वर जाणं असाही अर्थ नाही. विश्वास शेवटपर्यंत तळाशी राहतोच.

आता "जमलं, नाही जमलं" याबद्दल. "आज सौम्यता जमली का?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तरच देता येत नाही, कारण डोळ्यांना दिसेल असं त्यात काही नाही. लोक दुसऱ्या आठवड्यात गप्प होतात ते आळसाने नाही. रोज काहीतरी खोटं लिहितो आहोत असं त्यांना वाटू लागतं, म्हणून.

इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय यासाठी फार उपयोगी पडतो. तिथे पौल जुना मनुष्य काढून टाकायला आणि नवा मनुष्य धारण करायला सांगतो आणि लगेच जोड्या लावून देतो. लबाडी टाकायची, शेजाऱ्याशी खरं बोलायचं. चोरी टाकायची, हातांनी कष्ट करायचे, तेही गरजवंताला द्यायला जवळ काही असावं म्हणून. कुजकं बोलणं टाकायचं, ऐकणाऱ्याची उन्नती होईल असं बोलायचं. प्रत्येक जोडीत टाकायचं ते ठरलेलं आहे, त्याच्या जागी काय आणायचं तेही ठरलेलं आहे, आणि बहुतेक ठिकाणी कारणही दिलं आहे. चोरी थांबवली म्हणजे माणूस उदार झाला असं पौल मानत नाही. तो देऊ लागला की बदल पुरा झाला.

तुमच्या मुलांना हीच रीत द्या. प्रत्येकाने एक जोडी लिहावी: हे टाकणार, त्या जागी हे करणार. चाळीस दिवसांत अशा दोन जोड्या पुष्कळ झाल्या. नऊ नकोत.

सहनशीलता आणि धीर हे दोन शब्द वर्गात नेहमी गोंधळतात, तेही सांगून ठेवतो. मूळ भाषेत सहनशीलता माणसांच्या बाबतीत जास्त येते, राग यायला लांब वेळ लागणे. धीर परिस्थितीच्या बाबतीत येतो, ओझ्याखाली टिकून राहणे. चिडखोर साहेबासाठी पहिली लागते, लांबलेल्या आजारपणासाठी दुसरा. ज्याची उणीव आहे तेच मागावं.

---

सेमिनरी_हिल्स

सदरच्या भाऊंनी पाया घातला, मी पद्धत सांगतो. कॅथलिक परंपरेत यासाठी जवळजवळ ५०० वर्षं वापरात असलेलं एक साधन आहे, जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची विशेष आत्मपरीक्षा. एका वेळी एकच दोष घ्यायचा, दिवसात तीन वेळा त्याकडे पाहायचं. प्रोटेस्टंट मुलांनाही ती वापरायला काही अडचण येऊ नये, तिच्यात पेन, कागद आणि प्रार्थना एवढंच लागतं.

सकाळी उठताच तो एक दोष आठवायचा आणि आज त्यापासून जपायचं असं प्रभूपाशी बोलायचं. दुपारच्या जेवणानंतर सकाळपासूनचा वेळ तासातासाने मनात फिरवायचा, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके दिवसाच्या पहिल्या रेघेवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर तसंच, ठिपके दुसऱ्या रेघेवर. म्हणजे आठवड्याला १४ रेघा. रात्री पहिली रेघ दुसरीशी ताडायची, दुसऱ्या दिवशी कालच्याशी, आठवडा संपला की मागच्या आठवड्याशी. घसरल्याच्या क्षणी छातीला हलकेच हात लावायचा, असंही त्यांनी सांगितलं आहे. चारचौघांतही कोणाच्या लक्षात येत नाही आणि मनाला मात्र खूण पटते.

दोष निवडणं हाच यातला अवघड भाग. मुलं "राग" लिहितात. राग फार मोठा आहे, त्याला कुठून धरणार? तो प्रसंगापर्यंत उतरवायला हवा: कधी, कुठे, कोणाशी, नेमकं काय करतो. होळीनंतर आपल्याकडे घरोघरी कूलर निघतात आणि पाणी कोणी भरायचं यावरून रोज रात्री वाद होतो. तर ओळ अशी व्हावी: "रात्री जेवणानंतर कूलरचं पाणी भरायला सांगितलं की मी धाकट्या भावावर आवाज चढवतो." आणि समोर: "सांगायच्या आधीच मी स्वतः दोन बादल्या भरीन." यात ठिपका कधी द्यायचा याबद्दल शंका उरत नाही. "मी रागीट आहे" यावर ठिपका कसा देणार?

निवड स्वतःच्या मनाने करू नका. घरातल्या एकाला सरळ विचारा: माझ्या कोणत्या सवयीचा तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास होतो? उत्तर ऐकताना खुलासा करायचा नाही. आपण निवडलेला दोष आणि घरच्यांनी सांगितलेला दोष सहसा वेगळे निघतात. आपण लाज कमी वाटणारा निवडतो.

रात्रीच्या सर्वसाधारण परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत: आभार, प्रकाशासाठी विनंती, दिवसाची तपासणी, क्षमा, उद्याचा निश्चय. दहा ते पंधरा मिनिटं पुरतात. पहिली पायरी गाळू नका. आभार न मानता थेट तपासणीला बसणारा माणूस चार दिवसांत स्वतःला झोडपायला लागतो, आठव्या दिवशी वही बंद करतो. झोपताना अंथरुणावर करू नका, डोळा लागतो. जेवणानंतर भांडी आवरली की बसा.

काय बिघडतं तेही सांगतो. ठिपके कमी करणं हेच ध्येय होऊन बसतं, आणि मग माणूस प्रसंगच टाळू लागतो. भावाशी बोलणंच बंद केलं तर ठिपके शून्य, पण प्रीतीही शून्य. म्हणून ठिपक्यांशेजारी, ठरवलेली उलट कृती किती वेळा केली याची फुलीही द्या. आठवड्याच्या शेवटी आधी फुल्या बघा.

आणि ठिपके खरोखरच कमी झाले तर? तेव्हा दुसरा धोका येतो. जॉन कॅसियन नावाचे संन्यासी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून गेले की पोकळ मानाची हाव कांद्यासारखी असते, एक साल काढली की खाली दुसरी. इतर दोष हरले की लपतात, हा मात्र विजयावरच पोसतो. त्यावर कोणताही तक्ता चालत नाही. गुप्तपणे केलेलं भलं काम, जे संघातही सांगायचं नाही, एवढाच उपाय आहे. मत्तय ६ मध्ये दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींसाठी प्रभूने गुप्तपणाच सांगितला आहे.

---

मोहननगर_तरुणसंघ

धन्यवाद, डोळे उघडले. जोड्या आणि रेघा दोन्ही घेतो. पण मग व्हॉट्सॲप ग्रुपचं काय करू? भावावर आवाज चढवल्याचे ठिपके २२ जणांसमोर कोण टाकणार? आणि कोणालाच काही सांगायचं नसेल तर संघ कशाला?

---

वर्गसभा_सीताबर्डी

ग्रुपवर फक्त वचन आणि वेळ जाऊ द्या. दोष ग्रुपवर नको, एकाचाही नको. लिहिलेलं पुढे पाठवता येतं आणि स्क्रीनशॉट कायम राहतो.

सांगायचं मात्र नक्की. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पातकं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा असं आहे, सगळ्यांसमोर करा असं नाही. मेथडिस्ट चळवळीतल्या वर्गसभा १७४२ मध्ये ब्रिस्टलला सुरू झाल्या, त्याही आधी पैशांसाठी. प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायला दर आठवड्याला एकेक पेनी जमवायची होती, म्हणून बारा-बारा जणांचे वर्ग पाडले आणि प्रत्येकावर एक प्रमुख नेमला. पेनी घ्यायला घरोघरी गेलेल्या प्रमुखांना लोकांच्या जगण्याची खरी अवस्था दिसली, आणि या चळवळीचे प्रणेते जॉन वेस्लींनी ओळखलं की देखरेखीची हीच रीत हवी होती. पुढे वर्ग एकत्र बसू लागले. विचारायचं एकच: तुझ्या जिवाचं कसं चाललं आहे? याहून खोलवर बोलायचं असेल त्यांच्यासाठी आणखी लहान गट होते, पुरुषांचे वेगळे, स्त्रियांचे वेगळे.

तुमच्या २२ जणांचे सहा गट करा, चार गट चौघांचे आणि दोन गट तिघांचे. मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. सख्खी भावंडं आणि लग्न ठरलेली जोडपी एका गटात नकोत. आठवड्यातून एकदा ६० मिनिटं, प्रत्यक्ष भेटून. सुरुवातीला पाच मिनिटं शांतता आणि एक स्तोत्र. मग प्रत्येकाला बारा मिनिटं: माझी जोडी काय होती, कुठे घसरलो, कुठे कृपा दिसली, पुढच्या आठवड्याला काय. बाकीचे ऐकतात. शेवटच्या काही मिनिटांत डावीकडच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना. साठ मिनिटं झाली की उठायचं. सभा लांबली की पुढच्या वेळी एक जण कमी येतो.

सल्ला देण्यावर बंदी घाला, विचारल्याशिवाय नाही. चोवीस वर्षांच्या मुलाला आपलं मन उघडून ठेवल्यावर उपदेश ऐकावा लागला तर तो परत कधीच खरं बोलणार नाही.

आणि चुगलीला दार ठेवू नका. आपल्या मंडळ्यांत ती बहुतेक वेळा प्रार्थनेच्या विनंतीचा पोशाख घालून येते: "अमक्याच्या घरात काय चालू आहे, जरा प्रार्थना करा." नियम सोपा ठेवा. गैरहजर माणसाचा दोष सांगायचा नाही. त्याने तुमच्याविरुद्ध काही केलं असेल तर मत्तय १८:१५ प्रमाणे आधी त्याच्याकडे एकट्याने जायचं. गेला होतास का, एवढंच विचारा. बहुतेक वेळा उत्तर नाही असतं आणि विषय तिथेच थांबतो.

तीन वेगवेगळ्या मंडळ्यांची मुलं एकत्र आहेत म्हणून एक गोष्ट आठवली. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या याच नागपुरात सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय झाली. त्याची बोलणी १९२९ पासून सुरू होती. बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, बिशप असावेत की नसावेत, यावर ४१ वर्षं माणसं बसत राहिली, उठत राहिली, परत बसत राहिली. सहनशीलतेवर पाठ घ्याल त्या दिवशी सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये मुलांना घेऊन जा आणि हे तिथे उभं राहून सांगा.

---

शब्बाथशाळा_ताई

एक गोष्ट कार्यक्रमाच्या पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा, नंतर नको. सहनशीलता म्हणजे मार खाणं नाही. घरात मारहाण होत असेल, कोणी अंगाला हात लावत असेल, पैसे हिसकावत असेल, तर त्या मुलीला किंवा मुलाला "सहन कर, क्षमा कर" हे वचन द्यायचं नाही. आधी तिथून बाहेर काढायचं, विश्वासाच्या मोठ्या माणसाला आणि गरज असेल तर पोलिसांना सांगायचं. मूल अठराच्या आतलं असेल तर १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक आहे. पौलानेही फटके मारायला बांधलं तेव्हा आपलं रोमन नागरिकत्व पुढे केलं आणि पुढे कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. प्रेषितांची कृत्ये २२ आणि २५ उघडून बघा. त्याच माणसाने प्रीती सहनशील आहे असं लिहिलं. त्याला दोन्हींत विरोध दिसला नाही.

गटात ऐकलेलं गुप्त ठेवायचं, पण कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर ते गुप्त राहणार नाही, हेही आधीच सांगून ठेवा. झोप उडालेली, जेवण सुटलेलं, जगणं नको वाटतं असं कोणी म्हणालं तर ती शिस्तीची उणीव समजू नका. डॉक्टरकडे न्या, आणि सोबत जा.

वर कोणी बोललं नाही म्हणून माफीबद्दल थोडं लिहिते, कारण मुलं तिथेच अडकतात. "चुकलं असेल तर माफ कर" ही माफी नाही, त्यात "असेल तर" आहे. "मी चिडलो, पण तू पण..." हीही नाही. आपण काय केलं ते नाव घेऊन सांगायचं. त्याने समोरच्याचं काय नुकसान झालं ते बोलायचं. "पण" न लावता थांबायचं. मग भरपाई काय करू हे विचारायचं. आणि माफ करायला त्याला वेळ द्यायचा, लगेच हो म्हणवून घ्यायचं नाही. जुन्या करारात, गणना ५:७ मध्ये, घेतलेलं परत करताना वर एक पंचमांश द्यायला सांगितलं आहे. नव्या करारातला जकातदार जक्कय तर चौपट परत करायला निघाला. हजार रुपये बुडवले असतील तर बाराशे घेऊन जायचं, नुसती प्रार्थना करून भागत नाही. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जा असं प्रभू म्हणाला तेव्हा तो क्रमच सांगत होता. म्हणून प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात एक दिवस फक्त या कामासाठी मोकळा ठेवा.

---

काटोल_रोड

कशावरून ओळखायचं हे भाऊंनी विचारलं होतं, त्याला कोणी हात लावला नाही.

करिंथची मंडळी बघा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल म्हणतो की तुम्ही कोणत्याही कृपादानात उणे नाही. तिसऱ्या अध्यायात त्याच लोकांना तो बाळकं म्हणतो, कारण त्यांच्यात हेवा आणि कलह आहे. म्हणजे दान वेगळं, फळ वेगळं. चांगलं गाणं, चांगला उपदेश, लांब प्रार्थना, ही दानं आहेत, त्यांवरून प्रौढता ठरत नाही. मंडळ्यांमध्ये आपण हेच उलट करून राहिलो आहोत. जो चांगला बोलतो त्याला प्रौढ समजून पुढे करतो, आणि मग तोही फसतो, मंडळीही.

याकोब ३:२ मध्ये मोजमाप सरळ दिलं आहे: जो बोलण्यात चुकत नाही तो परिपूर्ण. प्रौढ या अर्थानेही येणारा शब्दच तिथे आहे. त्यामुळे मी तरी जिभेपासून मोजतो. चूक दाखवली की उत्तर द्यायच्या आधी किती वेळ थांबता येतं? भांडण झाल्यावर माफी मागायला पूर्वी चार दिवस लागायचे, आता किती लागतात? परतफेड करू न शकणाऱ्या माणसाशी, वॉचमनशी, मोलकरणीशी, सूर कसा असतो? हे प्रश्न स्वतःला विचारले तर खोटं उत्तर निघतं, म्हणून घरच्याला विचारा, ते पण तीन महिन्यांनी एकदा. रोज खोड खणून मुळं बघितली तर झाड जगत नाही.

आपल्या भागातलं संत्रं या बाबतीत बरंच शिकवतं. कलम जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेलं असतं. बांधलेल्या जागेच्या खालून फुटवे येतात, ते वरच्या संत्र्यापेक्षा जोमाने वाढतात, हिरवेगार दिसतात, काटेही मोठे असतात. नवशिका त्यांनाच चांगली वाढ समजतो. ते खुंटाचे आहेत, ठेवले तर आंबट लिंबूच देणार आणि वरच्या कलमाचं अन्न खाणार. कोवळे असताना बोटाने निघतात, जून झाले की कात्री लागते. जुना स्वभाव असाच कलमाच्या खाली जिवंत राहतो. बाप्तिस्म्याला दहा वर्षं झाली तरी फुटवा येतो, त्यात दचकण्यासारखं काही नाही. आठवड्याला एक फेरी मारायची, एवढंच. तुमच्या ठिपक्यांची वही म्हणजे ती फेरी.

मग ताण. बहार धरायला, म्हणजे झाड फुलावर यावं म्हणून, आपण पाणी तोडतो, मृग बहारासाठी ऐन मे महिन्यात. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी जमिनीत जास्त. ताण दिला नाही तर झाड पानांतच रमतं, फुलं तुरळक येतात. ताण अति झाला तर पानं गळून झाड जातं. प्रार्थना कोरडी वाटण्याचे दिवस येतील तेव्हा मुलांना हे सांगा. इग्नेशियस यांचाही नियम आहे की अशा कोरड्या काळात आधी केलेला निश्चय बदलायचा नाही, उलट प्रार्थना थोडी वाढवायची. दहा मिनिटांची अकरा करा, पाच करू नका. पण कोणी दुसऱ्याला मुद्दाम ताण देऊ नये. किती दिवस पाणी तोडायचं हे मळेकऱ्याला कळतं, शेजारच्या झाडाला नाही.

आणखी एक. संत्रं तोडल्यावर गोड होत नाही. आंबा अढीत पिकतो, संत्रं नाही, जी गोडी यायची ती फांदीवरच येते. योहान १५ मध्ये "माझ्यामध्ये राहा" हे शब्द वारंवार येतात ते यासाठी. वचन, प्रभुभोजन, मंडळी सोडून गुणांची नुसती कसरत केली तर रंग कदाचित येईल, रस येणार नाही. आंबिया बहाराचं फळ तर कधी कधी बाहेरून हिरवट असूनही आतून तयार असतं. तुमच्या संघातल्या एखाद्या गप्प मुलीबद्दल घाईने मत करू नका.

---

सेमिनरी_हिल्स

काटोल रोडवाल्यांना दुजोरा. उपासाबद्दल दोन ओळी, कारण कॅथलिक मुलं विचारतीलच. राख बुधवार आणि गुड फ्रायडेला १८ ते ५९ वयाच्यांनी एक पूर्ण जेवण, बाकी दोन वेळा थोडं, तेही मिळून एका जेवणाएवढं नाही. १४ वर्षांपासून पुढे मांसाहार वर्ज्य. आजारी, गरोदर, मधुमेहाची औषधं घेणारे यांना सूट आहे. पाण्यावर बंधन नाही. मार्चअखेर नागपुरात ऊन तापलेलं असतं, तेव्हा पाणी सोडून कोणी पराक्रम दाखवू नये. आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे त्याच दिवशी वेगळ्या डब्यात टाकायचे. यशया ५८ मधला उपास भुकेल्याला आपली भाकरी वाटून देण्यापाशी पोचतो. डबा नसेल तर तो उपास घरखर्चाची बचत होऊन बसतो.

---

मोहननगर_तरुणसंघ

सगळ्यांचे मनापासून आभार. बदललेला आराखडा असा: राख बुधवार ते पहिला शनिवार, हे चार दिवस घरच्यांना विचारून जोडी ठरवायची. पुढचे तीन आठवडे पहिली जोडी, नंतरचे दोन आठवडे दुसरी, पवित्र आठवड्यात नवीन काही नाही, फक्त माफी आणि भरपाई. सहा गट, दर शनिवारी संध्याकाळी सहाला.

दोन बारीक शंका राहिल्या. रविवारी रेघा ओढायच्या का? आणि मधे तीन-चार दिवस कोणाचे सुटले तर आठवून भरायचे का?

---

बायबलवर्ग_सदर

रविवारी नाही. रविवार पुनरुत्थानाचा, म्हणूनच तो चाळिसात मोजत नाहीत. त्या दिवशी वही बंद, आणि आठवड्यात जिथे फुली पडली त्या एका प्रसंगासाठी आभार माना. फिलिप्पैकरांस २:१२-१३ वाचा: आपलं तारण साधून घ्या असं सांगून पौल लगेच म्हणतो की इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात देवच घडवतो. पहिला अर्धा भाग सोमवार ते शनिवार, दुसरा अर्धा रविवारी असं केलं तरी मुलांना दोन्ही आठवणीत राहतील.

सुटलेले दिवस भरू नका. आठवून दिलेले ठिपके अंदाजाचे असतात. जागा कोरी सोडा आणि आजच्या तारखेपासून पुढे चला. एकाच मुलाच्या कोऱ्या जागा सलग दहा दिवस दिसल्या तर गटातल्या एकाने फोन करावा. वहीबद्दल विचारू नये, जेवलास का एवढंच विचारावं आणि घरी जाऊन यावं.

तुमच्या आराखड्यात एक बदल सुचवतो. दुसऱ्या जोडीला दोन आठवडे कमी पडतील. ती पुनरुत्थानानंतरही चालू ठेवा, पन्नासाव्या दिवसापर्यंत, म्हणजे १६ मेपर्यंत. तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्ट्या असतील, निम्मी मुलं गावी जातील, म्हणून शनिवारच्या सभेऐवजी गटातल्या दोघादोघांनी आठवड्यातून एकदा फोनवर बोलावं, वीस मिनिटं. कोण कोणाशी बोलणार ते २७ मार्चच्या सभेतच कागदावर लिहून घ्या.